वीतभर कोंबडी, हातभर हौस



मराठीत 'छंद' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कवितेची मोजूनमापून बांधलेली लय म्हणजे छंद, आणि माणसाला जडलेली आवड म्हणजेही छंदच. मला दोन्ही आहेत. पहिल्याविषयी बोलायला कविसंमेलनांत बोलावतात. दुसऱ्याविषयी लोक विचारतात ते बहुधा हसण्यासाठी. माझ्या अंगणातल्या लहानग्या कोंबड्या पाहून पाहुणा म्हणतो, "काय शायरसाहेब, हिचं कालवण किती जणांना पुरतं?"

प्रश्न रास्त आहे. वीतभर उंचीची, दोन तळहातांत मावणारी ही कोंबडी. तिचं कालवण एकालाही पुरायचं नाही. अंडं म्हणाल तर लिंबाहून थोडं मोठं. मग ती पाळायची कशाला? मांसासाठी नाही, अंड्यांसाठी नाही, झुंजीसाठी तर नाहीच. केवळ तिचा डौल पाहण्यासाठी माणसं ती पाळतात, तिची वीण वाढवतात, प्रदर्शनात मांडतात. हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. आज मला सांगायचं आहे ते असं, की हौसेलाही मोल असतं. फक्त ते पुष्कळदा हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. कोंबडीच्या जिवातून जातं. हे मोल कमी कसं ठेवायचं, हे ज्याला कळलं त्याचा छंद खरा.

या लहानखुऱ्या कोंबड्यांना जगभर 'बँटम' म्हणतात. हे मुळात एका बंदराचं नाव. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन म्हणून जुनं बंदर आहे. मिरीच्या व्यापारासाठी डच आणि इंग्रज गलबतं तिथे लागत. लांबच्या प्रवासाला निघताना खलाशी जिवंत कोंबड्या बरोबर घेत, म्हणजे वाटेत ताजी अंडी मिळत. त्या भागातल्या कोंबड्या अंगानं लहान. युरोपात उतरल्यावर त्यांना बंदराचंच नाव चिकटलं. पुढे इंग्रजीत ठेंगण्या पण चिवट माणसालाही तेच विशेषण लागलं, आणि मुष्टियुद्धातला 'बँटमवेट' हा वजनगटही त्यावरूनच आला. आपल्या बाजारात मात्र त्यांना सरसकट 'फॅन्सी' म्हणतात. "फॅन्सी जोडी आहे, घेऊन टाका," एवढं म्हटलं की विकणाऱ्याचं काम झालं.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं जुनं गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी आमच्याकडे अजून लहानच असते. गावात मराठी आणि उर्दू शेजारी-शेजारी नांदतात. आमच्या घरात 'दडबा' म्हणतात, शेजारच्या घरात 'खुराडं' म्हणतात. संध्याकाळी आत शिरणारी कोंबडी तीच. दोन्ही घरांत ती बाईची असते. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, पण कोंबडी तिची. अंड्यांच्या पैशातून पोराची वही येते, बांगड्या येतात, तापाची गोळी येते. माझी अम्मी अंड्यांचे पैसे तांदळाच्या डब्यात ठेवी आणि त्या डब्याला अब्बांनी कधी हात लावला नाही. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देणारी गावरान कोंबडी हिशेबाच्या वहीत किरकोळ दिसते; पण त्या डब्यावर अनेक घरांतल्या मुली शाळा शिकल्या आहेत.

अशा अंगणात बिनकामाची बँटम शिरली ती एका गुणावर. ही कोंबडी फार चांगली खुडूक बसते. मोठ्या पोल्ट्रीतल्या संकरित कोंबड्यांमधून खुडूक बसण्याची सवय माणसानं निवडून-निवडून काढून टाकली, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. बँटममध्ये मात्र ती सवय शाबूत राहिली. तिच्याखाली तितराची अंडी ठेवा, बदकाची ठेवा, ती तितक्याच मायेनं बसते. पोटाखाली मावतील तेवढीच मात्र ठेवावीत. गावरान मोठी अंडी असतील तर पाच-सहा पुरे. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात, आणि ती फिरवाफिरवी करते म्हणून उद्या मधली कडेला येऊन तीही गार पडतात. कोंबडीची पिलं एकविसाव्या दिवशी निघतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. अगदी लहान जातींत ती एकोणीस-वीस दिवसांतही निघतात.

आता थोडं मागे जाऊ. कोंबडी आली कुठून? चार्ल्स डार्विननं पाळीव प्राण्यांवरच्या १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज एकच ठरवला: तांबडा रानकोंबडा. या कामी त्याला कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांच्या पत्रांची मोठी मदत झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की कोंबडी माणसाळली ती बहुधा आग्नेय आशियात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, भाताच्या शेतांच्या आसपास. माणसानं दाणा सांडला आणि रानातला पक्षी खळ्यावर आला.

आपलाही वाटा यात आहे. सह्याद्रीत राखी रानकोंबडा दिसतो, तो तांबड्याचा चुलतभाऊ. कोंबड्यांचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी यांचा गुण या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली आनुवंशशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे जगात कुठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्यात थोडं आपल्या रानाचं रक्त आहे, असं समजायला हरकत नाही. आणखी एक गंमत पाहा. रानातली मादी किलोच्या आतच असते. त्या मानानं आपली बँटम तिच्या जवळची. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलो भरणारा ब्रॉयलर, ती खरी माणसानं केलेली करामत. बँटम फार लहान वाटते, कारण आपली नजर मोठ्या कोंबडीला सरावली आहे.

मग ही दिसण्याची स्पर्धा कधी सुरू झाली? जुन्या काळी जगभर कोंबडा पाळायचा तो झुंजीसाठी. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यानं झुंजींवर बंदी आली आणि १८४९ च्या कायद्यानं ती पक्की झाली. त्याच दरम्यान, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. ज्यांना कोंबड्याची पारख होती त्यांची नजर आता रक्ताऐवजी पिसांकडे वळली. १८६५ मध्ये तिथे जातीजातींचं प्रमाणपुस्तक निघालं: तुऱ्याला किती दाते हवेत, शेपटी किती उभी हवी, पायाचा रंग कोणता. आपल्याकडे प्राण्यांच्या झुंजी लावणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. तरी संक्रांतीच्या सुमारास देशात कुठे ना कुठे कोंबड्याच्या पायाला सुरी बांधली जाते. त्यापुढे सौंदर्याची स्पर्धा हजारपट बरी, असं माझं मत आहे. एका मैदानातून कोंबडा मरून बाहेर येतो, दुसऱ्यातून तो घरी येऊन दाणे टिपतो.

पण या हौसेचीही साथ येते. १८५० च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचे भाव वेड्यासारखे वाढले. त्या काळाला तिकडे 'कोंबडी-ताप' म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला करड्या रंगाच्या भल्यामोठ्या कोंबड्या भेट पाठवल्या आणि त्या प्रसिद्धीवर आपला धंदा चालवला. या पक्ष्यांचं मूळ चीनकडचं, पैदास अमेरिकेतली आणि नाव पडलं आपल्या ब्रह्मपुत्रेचं! पुढे ते आखडून 'ब्रह्मा' झालं. आज तीच ब्रह्मा आपल्या बाजारात 'इम्पोर्टेड' म्हणून विकली जाते. पुढे भाव कोसळले तेव्हा त्याच बर्नहॅमनं त्या तापाचा खुसखुशीत इतिहास लिहिला आणि तोही विकला.

हे दूरचं वाटत असेल तर २०१९ आठवा. झाबुआची काळी कडकनाथ कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. लगेच सांगली-कोल्हापूरकडे 'पैसे गुंतवा, पिलं देतो, अंडी परत घेतो' अशा योजनांत शेतकरी अडकले आणि बुडाले. कोंबडी खोटी नव्हती. हिशेब खोटा होता. पक्षी विकून पैसा होण्याऐवजी नवा गिऱ्हाईक अडकवून पैसा होत असेल, तर तिथून उठून यावं. फॅन्सी कोंबड्यांच्या बाजारात आज असंच चालतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पोरं शेळीच्या भावात जोडी आणतात, आणि 'पिलं विकून वर्षात पैसे फिटतील' असं घरी सांगतात. पिलं घेणारी सगळी पोरं तीच स्वप्नं पाहत असतात. सगळेच विकायला बसले, तर घेणार कोण? बाबांनो, हौस म्हणून पाळायची तर परवडेल तेवढीच पाळा. कर्ज काढून पाळलेला छंद छंद राहत नाही.

आता सर्वांत लहान कोंबडीकडे येतो. मलेशियात केलांतान म्हणून प्रांत आहे, मुस्लिम बहुसंख्येचा. तिथे १९७० च्या दशकात वी यान ईन नावाच्या चिनी वंशाच्या गृहस्थांनी जपानी आणि मलायी कोंबड्यांच्या संकरातून अगदी चिमुकली जात घडवली. वजन अर्ध्या किलोच्या आत. चार-पाच अंडी एकत्र केली तर आपल्या एका मोठ्या अंड्याएवढी होतात. तिचं नाव 'सेरामा', आणि ते पडलं रामावरून. थायलंडच्या राजांना 'राम' ही पदवी आहे, तिच्यावरून. मुस्लिम मुलखात, चिनी माणसानं घडवलेल्या कोंबडीला रामाचं नाव! मला हे फार आवडतं. तिची स्पर्धा टेबलावर होते. पक्षी एकटा टेबलावर सोडतात. तो छाती इतकी पुढे काढतो की डोकं मागे शेपटीला टेकायला येतं, पंख सरळ जमिनीकडे सोडतो, आणि तोऱ्यात पावलं टाकतो. परीक्षक डौल पाहतो, ऐट पाहतो, न घाबरता उभा राहतो का ते पाहतो.

सेरामाच्या घडणीत जी जपानी कोंबडी आहे तिला तिकडे 'चाबो' म्हणतात. पाय इतके आखूड की पोट जमिनीला लागेल की काय असं वाटावं, आणि शेपटी डोक्याच्या वर उभी. चित्रासारखा पक्षी. त्या आखूड पायांचा हिशेब मात्र प्रत्येक हौशी माणसानं पाठ केला पाहिजे.

आमच्या मोहल्ल्यात कॉलेजात शिकणारा एक पोरगा आहे. त्यानं आखूड पायांची सुरेख जोडी आणली. दर खेपेला कोंबडी बसे आणि दर खेपेला काही अंडी वाया जात. एके दिवशी आला नि म्हणाला, "चाचा, फिर तीन अंडे खराब निकले." घरात कारणं शोधणं चाललेलं होतं. कुणी म्हणे वीज कडाडली, टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवला नव्हता. कुणी म्हणे नजर लागली. आणि दोन-तीनदा असं झाल्यावर बोट वळलं त्याच्या नव्या वहिनीकडे: तिची सावली पडते. त्या मुलीनं खुराड्याकडे जाणंच सोडलं होतं.

मी त्याला वहीत चार चौकोन काढून दाखवले. आखूड पाय देणारा गुण बापाकडूनही येतो आणि आईकडूनही. आखूड पायांच्या प्रत्येक पक्ष्यात तो एकाच बाजूनं आलेला असतो. असे दोन पक्षी जोडले की पिलांची वाटणी चार भागांत होते. दोन भाग आखूड पायांचे. एक भाग लांब पायांचा. आणि एका भागात तो गुण दोन्हीकडून येतो. त्या पिलाचा जीव अंड्यातच जातो, बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच दिवसांत. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावून पाहा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. मेलेल्यात नुसतं रक्ताचं एक कडं दिसतं. हा हिशेब प्रत्येक बाराला बरोबर तीन असा येत नाही. पण शंभर-दोनशे अंडी पाहिली की चौथा हिस्सा जातोच. वीज नाही, नजर नाही, सुनेची सावली नाही. आखूड पायांची ती किंमत आहे.

यावर उपाय साधा आहे. आखूड पायांच्या कोंबड्याला लांब पायांची, पण त्याच घराण्यातली कोंबडी जोडायची. मग निम्मी पिलं आखूड पायांची, निम्मी लांब पायांची, आणि या कारणानं एकही मरत नाही. अडचण एवढीच, की लांब पायांच्या पिलाला प्रदर्शनात बक्षीस नाही आणि बाजारात भाव नाही. म्हणून लोक ती काढून टाकतात आणि आखूडाला आखूड जोडत राहतात. जी बहीण घराणं जगवते तीच नकोशी होते. श्रोतेहो, हे वाक्य मी कोंबड्यांबद्दलच बोलतो आहे. पण तुम्हाला आणखी काही आठवलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

असंच उलट्या पिसांच्या कोंबडीचं. आपल्याकडे तिला उताऱ्यासाठी मागणी असते. हौशी लोक तिला शोभेसाठी पाळतात. उलट्या पिसांच्या दोघांना एकत्र केलं तर काही पिलांची पिसं इतकी ठिसूळ होतात की झडून जातात. आमच्याकडच्या पौषातल्या थंडीत ती उघडी कुडकुडतात. तिलाही सरळ पिसांचा जोडीदारच हवा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉन सेब्राइट यांनी प्रत्येक पिसाला काळी किनार असलेली देखणी बँटम घडवली. तिच्या कोंबड्यालाही कोंबडीसारखीच पिसं असतात, शेपटीचे लांब बाकदार तुरे नसतात. पण तिची अंडी कमी फळतात, हे ती पाळणारे जाणून आहेत. रूप फार घट्ट आवळलं की जीव कुठून तरी निसटतो.

कवितेतही हेच होतं. वृत्त असावं, यमक असावं, मात्रा मोजलेल्या असाव्यात. पण यमक साधावं म्हणून अर्थाचा गळा दाबला, तर हातात उरतो तो नुसता साचा. जुन्या ओव्या करणाऱ्या बायांना हे कुणी शिकवलं नव्हतं. अर्थ मोठा झाला की त्या ओवीचा चरण खुशाल लांबवत. छंद त्यांच्यासाठी होता. त्या छंदासाठी नव्हत्या.

प्रदर्शनाविषयीही असंच म्हणावंसं वाटतं. आपल्याकडे प्रदर्शनांची परंपरा नाही असं नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, बैल यांच्या बाजाराबरोबर तिथे जिल्हा परिषदेच्या वतीनं प्रदर्शनं होतात. घोड्यांचं असतं, कुत्र्यांचं असतं आणि कोंबड्यांचंही असतं. तमिळनाडूत पोपटासारख्या चोचीच्या, लांब शेपटीच्या असील कोंबड्यांची प्रदर्शनं भरतात. झुंजणाऱ्या जातीला तिथे देखणेपणाची वाट मिळाली. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी प्रदर्शनं होतात. तिथे एका कोपऱ्यात लहान कोंबड्यांचं टेबल मांडायला काय हरकत आहे?

पक्षी मांडायचा तर तयारी महिनाभर आधी करावी. रोज दहा मिनिटं त्याला हातावर, टेबलावर उभा करावा, म्हणजे तो माणसाला बुजत नाही. दोन दिवस आधी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवावं, उन्हात नीट वाळवावं. ओला पक्षी रात्री खुराड्यात कोंडू नये. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं नुसतं बोट लावावं. खाण्याला ज्वारी-बाजरीची कणी, थोडा पाला, बारीक शिंपल्यांचा चुरा. सगळी तयारी एवढीच. परीक्षकांना माझी एक विनंती राहील. डौलाला गुण द्या, पण तो पक्षी नीट चालतो का, नीट श्वास घेतो का, तेही पाहा. आणि मालकाला एक प्रश्न विचारा: "मागच्या खेपेला किती अंडी बसवली आणि किती पिलं निघाली?" या एका प्रश्नानं पुष्कळ गोष्टी सुधारतील.

आता रोगराईचं बोललं पाहिजे. त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आमच्या भागात कोंबड्यांचा जुना काळ म्हणजे मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. हिमालयातल्या त्या गावी १९२० च्या दशकात हा रोग भारतात ओळखला गेला. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. त्यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास सुई. अडचण निराळीच आहे. लशीच्या एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात आणि कालवली की ती दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांची बाई दोनशे मात्रांचं काय करणार? म्हणून गल्लीनं मिळून एक दिवस ठरवावा. ज्यांच्या फॅन्सी जोड्या आहेत त्यांनी पदरचे थोडे पैसे घालून कुपी आणावी आणि शेजारणीच्या गावरान कोंबड्यांनाही थेंब घालावा. यात उपकार नाही. शेजारची कोंबडी आजारी पडली तर आपलीही वाचत नाही. कवितेतली मात्रा चुकली तर जाणकार हसतात. ही मात्रा चुकली तर अंगण ओस पडतं.

दुसरा रोग बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली लागण जाहीर झाली आणि मार्चमध्ये ती जळगाव जिल्ह्यात आली. जळगाव म्हणजे आमची शीव. पांढरे पोशाख घातलेली माणसं घरोघर जाऊन कोंबड्या गोळा करताना आम्ही टीव्हीवर पाहिली. त्यात पोल्ट्रीच्या कोंबड्या होत्या, तशाच बायांच्या डब्यातले पैसे देणाऱ्या गावरानही होत्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा तेच झालं. मलेशियात २००४ च्या साथीच्या भीतीनं कितीतरी सेरामा मारल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली घराणी एका दिवसात संपली.

अशा वेळी हौशी माणसाची खरी परीक्षा असते. लागण झालेल्या ठिकाणाभोवती ठरावीक अंतरातले सगळे पक्षी नष्ट करतात. ज्याच्याकडे दहा वर्षं जपलेली जोडी आहे, त्याला ती लपवावीशी वाटणार. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये लोकांनी कोंबड्या लपवल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांचा डबाच कुणी उचलून नेत होतं, आणि भरपाई कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून भरपाई वेळेवर आणि हातात मिळाली पाहिजे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण झाकलेलं कोंबडं आरवायचं राहत नाही, तसा झाकलेला रोगही राहत नाही. जुलै २०२१ मध्ये हरियाणातल्या अकरा वर्षांच्या एका मुलाचा या रोगानं दिल्लीच्या एम्समध्ये मृत्यू झाला. माणसाला तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नका, नदी-नाल्यात टाकू नका, घाईघाईनं विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कितीही देखणी असली तरी कोंबडी पोराहून मोठी नाही.

इतकं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं. गावात आता सिमेंटची अंगणं झाली. गावरान कोंबडी कमी होत चालली. जिथे चार कोंबड्यांना जागा नाही तिथे दोन बँटम राहतात, खुडूक बसतात, पिलं फिरवतात. पहाटे अज़ानीच्या आगेमागे त्यांचा कोंबडा आरवतो. आवाज बारीक असतो, पण वेळ चुकत नाही. घरातली लहान मुलं पहिल्यांदा अंड्यातून चोच बाहेर येताना पाहतात. जीव कसा येतो आणि कसा जातो, हे त्यांना मोबाइलवर कळत नाही. तसं कळतं इथे. ज्या घरात हे कळतं त्या घरात सावलीला दोष देणं थांबतं.

त्या कॉलेजच्या पोरानं पुढे लांब पायांची कोंबडी जोडीला आणली. ती दिसायला सामान्य आहे. व्हिडिओत तिला तो घेत नाही. पण खुराड्याचं दार सकाळी त्याची वहिनीच उघडते आणि दाणे तीच टाकते. अंड्यांचे पैसेही आता तिच्याच डब्यात जातात.

छंद करा. रूपाची हौस करा, डौलाची करा. माणसाला तेवढी तरी बिनकामाची गोष्ट असावी. फक्त दर खेपेला टॉर्च लावून अंडं पाहा, आणि आपल्या हौसेचं मोल कोण भरतंय ते मोजत चला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)